संस्थेतील वापरकर्त्यांच्या डिजिटल ओळखी कशा सांभाळाव्यात : हजेरीपटापासून सुरुवात

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलाच्या वरच्या खणात एक जुना, बटणांचा मोबाइल ठेवलेला असे. त्याच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईने ‘ओटीपी’ असे लिहिलेले होते. जीएसटी, ई-वे बिल, भविष्य निर्वाह निधी, दोन बँका आणि एका मोठ्या ग्राहक कंपनीचे पुरवठादार पोर्टल या सर्वांचे ओटीपी त्या एकाच मोबाइलवर येत असत. खणाची किल्ली हिशेबनीसांकडे असे. एका दिवाळीत ते कळवणजवळच्या आपल्या गावी गेले, किल्ली त्यांच्या खिशातच राहिली आणि त्या संध्याकाळी भरलेला ट्रक ई-वे बिलाअभावी फाटकाच्या आत रात्रभर उभा राहिला. मला फोन आला तो सर्व्हर बंद पडला आहे का, हे विचारण्यासाठी. सर्व्हर व्यवस्थित चालू होता. संस्थेच्या वतीने ‘आम्ही तेच आहोत’ असे सांगण्याचे एकमेव साधन मात्र कुलपात होते.

सातपूर, अंबड आणि सिन्नरचे लहान-मध्यम कारखाने, निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षांची पॅकहाउसेस आणि काही शिक्षणसंस्था यांची संगणक व्यवस्था पाहताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली आहे. प्रत्येक सेवा घेताना तिच्यासाठी खाते उघडले जाते, परंतु त्या खात्यामागचा माणूस कोण आणि तो गेल्यावर खात्याचे काय, याची नोंद कुठेच नसते. हा लेख वीस ते तीनशे माणसांच्या संस्थेत ही नोंद कशी उभी करावी, याविषयी आहे. माझे म्हणणे असे की, या कामाची सुरुवात सॉफ्टवेअरपासून न करता हजेरीपटापासून करावी. माणसाची ओळख संस्थेत एकाच ठिकाणी जन्माला यावी, तिथूनच ती सगळ्या सेवांकडे जावी आणि तिथेच ती संपावी.

कामाला लागण्यापूर्वी चार शब्द वेगळे करून घ्यावेत, कारण बैठकीत हे शब्द एकमेकांत मिसळले की निर्णयही मिसळतात. ओळख म्हणजे संस्थेच्या लेखी असलेला माणूस. खाते म्हणजे एखाद्या सेवेतील त्या माणसाची नोंद. एका ओळखीची वीस खाती असू शकतात. लॉगिनच्या वेळी समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करणे ही पडताळणी, आणि आत आल्यावर त्याला काय करता येईल हे ठरवणे ही परवानगी. पासवर्ड कडक केल्याने पडताळणी सुधारते. परवानग्यांचा गोंधळ त्याने तसूभरही कमी होत नाही.

पहिली पायरी : मोजदाद

एक तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक सेवेसाठी एक ओळ ठेवावी. सेवेचे नाव, ती संस्थेत कोणाच्या जबाबदारीची आहे, लॉगिन कशाने होते, सर्वाधिकार असलेले खाते कोणाचे आहे, पासवर्ड विसरल्यास दुवा कोणत्या ईमेलवर जातो, ओटीपी कोणत्या क्रमांकावर येतो, तो क्रमांक कोणाच्या नावावर आहे आणि एकच खाते किती जण वापरतात, असे रकाने त्यात असावेत. या तक्त्यात पासवर्ड अजिबात लिहू नयेत. तसे केल्यास मोजदादीचा कागदच संस्थेतील सर्वांत धोकादायक कागद होऊन बसतो.

ही यादी संगणक विभागात बसून पूर्ण होत नाही. हिशेब विभागाकडून गेल्या वर्षभरात कोणत्या ऑनलाइन सेवांचे पैसे दिले गेले ते घ्यावे. प्रत्येक विभागात जाऊन ब्राउझरमध्ये साठवलेल्या खात्यांची नुसती नावे पाहावीत. बहुतेक विसरलेल्या सेवा तिथेच सापडतात. सीसीटीव्हीचे मोबाइल ॲप, हजेरीचे बोटांचे यंत्र, कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्याने लावलेले दूरस्थ जोडणीचे सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळाच्या डोमेनची, म्हणजे इंटरनेटवरील नावाची, नोंदणी या चार गोष्टी हटकून राहून जातात, म्हणून त्या आठवणीने विचाराव्यात.

डोमेनविषयी थोडे अधिक सांगतो. माझ्या ओळखीच्या एका संस्थेचे डोमेन एका माजी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेले होते. नूतनीकरणाच्या सूचना तीन वर्षे त्याच्याकडेच जात राहिल्या. तो संस्था सोडून पुण्याला गेलेला, त्याने त्या सूचना जाहिराती समजून पुसल्या आणि एका सुट्टीच्या दिवशी संस्थेची सगळी ईमेल बंद पडली. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, तरी चार दिवस बाहेरून एकही मागणीपत्र आले नाही. डोमेन हे तुमच्या ओळखींचे जोते आहे, कारण प्रत्येक ईमेल पत्ता आणि त्यावर येणारा प्रत्येक पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच्यावर उभा असतो. मोजदादीत पहिली दुरुस्ती त्याचीच करावी.

दुसरी पायरी : माणसाला एक न बदलणारा क्रमांक

वेगवेगळ्या सेवांतील खाती एकाच माणसाची आहेत हे ओळखायचे कसे, हा मराठी माणसांच्या संस्थेत वाटतो तेवढा सोपा प्रश्न नाही. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. पगारपत्रकात ते रोमन लिपीत ‘डीएनवाय’ने सुरू होते, आधार कार्डावर ‘जीवाय’ने आणि ईमेल उघडून देणाऱ्याने ते ‘डीएनए’ने सुरू केलेले असते. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे झाली. लग्नानंतर एखाद्या भगिनीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, म्हणजे तिच्या पूर्ण नावाचा दोन तृतीयांश भाग नवा होतो. पाटील, पवार, जाधव ही आडनावे तर एकेका विभागात तीन-तीन असतात. नावावरून जुळवणी करायला गेलात, तर चुकीच्या माणसाचे खाते बंद होण्याची वेळ येतेच.

म्हणून जुळवणीचा धागा म्हणून कर्मचारी क्रमांक वापरावा. तो एकदा दिला की बदलू नये, माणूस गेल्यावर दुसऱ्याला देऊ नये आणि परत आल्यास त्यालाच द्यावा. ठेकेदाराचे कामगार, प्रशिक्षणार्थी आणि बाहेरचे लेखापरीक्षक यांनाही असाच क्रमांक द्यावा. त्यांची मालिका वेगळी ठेवली तरी चालेल, पण क्रमांकाशिवाय खाते नाही हा नियम सर्वांना सारखा असावा. ईमेल पत्ता माणसांना वाचता येईल असा नावाचाच ठेवावा. नाव बदलल्यास नवा पत्ता द्यावा आणि जुना पत्ता त्याच डाकपेटीला टोपणपत्ता म्हणून जोडून ठेवावा. गेलेल्या माणसाचा पत्ता नव्या सारख्या नावाच्या माणसाला देऊ नये, कारण बाहेरच्या कितीतरी सेवा त्या पत्त्यालाच माणूस समजतात. एकाच लॉगिनने अनेक सेवा उघडण्यासाठीच्या ओपनआयडी कनेक्ट या मानकातही कायमची ओळख म्हणून ईमेल न धरता, ओळख देणाऱ्या यंत्रणेने त्या माणसाला दिलेला स्थिर क्रमांक धरावा, असे स्पष्ट सांगितले आहे.

आणखी एक सूचना. दिसणाऱ्या नावासाठी दोन रकाने ठेवावेत, एक रोमन आणि एक देवनागरी. सूचनाफलक, ओळखपत्र आणि पगारचिठ्ठी यांवर माणसाचे नाव त्याच्या भाषेत नीट छापले गेले, की चूक कुठे झाली आहे ती तो स्वतःच येऊन सांगतो.

तिसरी पायरी : एकच निर्देशिका

आता हजेरीपटातील ही माणसे संगणकाला समजतील अशा एका जागी ठेवायची असतात. तिला डिरेक्टरी किंवा निर्देशिका म्हणतात. बहुतेक कारखान्यांत विंडोज सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आधीपासून असते, जी मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर आणली. ईमेल मायक्रोसॉफ्टकडे असेल तर एन्ट्रा आयडी आपोआप सोबत येते. २०२३पर्यंत तिचे नाव अझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी असे होते. ईमेल गूगल वर्कस्पेसवर असेल तर गूगलची स्वतःची निर्देशिका असते. स्वतःच्या सर्व्हरवर मुक्त स्रोत पर्याय हवा असल्यास कीक्लोक उत्तम आहे, आणि तो जुन्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील माणसे एलडीएपी या निर्देशिका वाचण्याच्या पद्धतीने वाचूही शकतो.

कोणती निवडावी, तर जिथे तुमचे ईमेल आहे ती. माझा हा सल्ला काही तज्ज्ञांना फार सोपा वाटेल, पण लहान संस्थेत सांभाळणारे हात एक किंवा दोनच असतात आणि ईमेल ही सेवा कोणीही कधी सोडत नाही. कारखान्यात विंडोज डोमेन (ॲक्टिव्ह डिरेक्टरीखालचे संगणक; संकेतस्थळाचे डोमेन वेगळे) आणि बाहेर एन्ट्रा अशी दोन्ही असतील, तर माहितीचा प्रवाह एकाच दिशेने ठेवावा : डोमेनमध्ये बदल करावा आणि तो बाहेर जावा. दोन्हीकडे हाताने बदल होऊ लागले, की महिन्याभरात कोणती नोंद खरी हे कोणालाच सांगता येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट. विंडोज डोमेनची पडताळणी केर्बेरॉस या पद्धतीने चालते आणि तिला घड्याळात मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. शॉपफ्लोअरवरच्या जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली, की वीज जाऊन आल्यावर त्याचे घड्याळ मागे पडते आणि अचूक पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसण्यापूर्वी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे.

चौथी पायरी : सेवा जोडणे

निर्देशिका तयार झाली की ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर), तक्रार नोंदणी, रजा अर्ज, आराखड्यांचा साठा अशा सेवा तिला एकेक करून जोडाव्यात, म्हणजे प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड राहत नाही. यालाच सिंगल साइन-ऑन म्हणतात. त्यासाठी आज दोन मानके रूढ आहेत : २००५ साली आलेले सॅमल २.० आणि २०१४ साली आलेले, ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या मानकावर उभारलेले ओपनआयडी कनेक्ट. सेवा नवी असेल आणि दोन्ही देत असेल, तर ओपनआयडी कनेक्ट निवडावे. जुन्या ईआरपीत बहुधा सॅमलच मिळते आणि तेही पुरेसे चांगले आहे.

आत काय घडते ते एकदा समजून घेतले, तर नंतरची निम्मी दुरुस्ती स्वतःला जमते. माणूस ईआरपी उघडतो. ईआरपी त्याला पासवर्ड न विचारता निर्देशिकेच्या लॉगिन पानाकडे पाठवते. तिथे पासवर्ड आणि ओटीपीसारखा दुसरा पुरावा घेतला जातो. मग निर्देशिका एक लहानसे पत्र तयार करते : हा अमुक क्रमांकाचा कर्मचारी, अमुक वाजता पडताळला, खरेदी विभागाचा, पत्र एवढी मिनिटे वैध. या पत्रावर ती आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करते. ईआरपीकडे त्या सहीची सार्वजनिक किल्ली आधीच दिलेली असते, तिच्यावरून ती सही तपासते आणि माणसाला आत घेते. या सगळ्यात पासवर्ड ईआरपीपर्यंत पोचतच नाही. उद्या ईआरपी पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर चोरी झाली, तरी तुमच्या माणसांचे पासवर्ड तिथे नसतात.

जोडताना तीन ठिकाणी हमखास अडते. परत येण्याचा पत्ता दोन्ही बाजूंना अक्षरशः सारखा लागतो. शेवटची एक तिरपी रेघ कमी-जास्त झाली तरी जोडणी नाकारली जाते. दुसरे, सेवा माणसाला ईमेलने ओळखते की क्रमांकाने, हे आधी ठरवावे लागते, नाहीतर जुन्या खात्याशेजारी त्याच माणसाचे दुसरे रिकामे खाते तयार होते. तिसरे म्हणजे सॅमलच्या सहीच्या प्रमाणपत्राची मुदत. एन्ट्रामध्ये ती मुळात तीन वर्षांची असते. ती संपते त्या सकाळी एकही माणूस आत जाऊ शकत नाही आणि तोवर जोडणी करून देणारा तंत्रज्ञ कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून जोडणी पूर्ण झाल्याच्या दिवशीच मुदतीच्या एक महिना आधीची तारीख दिनदर्शिकेत दोन माणसांच्या नावे टाकावी.

आणि एक मोठा गैरसमज. सिंगल साइन-ऑन केले म्हणजे गेलेल्या माणसाची खाती आपोआप नाहीशी होतात, असे नाही. निर्देशिकेत त्याला बंद केल्यावर नवे लॉगिन थांबते, पण मोबाइलवर आधीच चालू असलेले सत्र काही काळ चालू राहू शकते आणि सेवेतले खाते, त्याच्या परवान्याच्या शुल्कासकट, तसेच पडून राहते. खाती तयार करणे आणि काढणे स्वयंचलित करायचे असेल, तर एससीआयएम हे वेगळे मानक आहे. सेवा विकत घेण्यापूर्वीच ती ते देते का आणि कोणत्या दराच्या योजनेत देते, हे लेखी विचारून घ्यावे. देत नसेल, तर बंद करायच्या खात्यांची छापील यादी हाच उपाय उरतो, आणि तो शिस्तीने केल्यास लहान संस्थेला पुरतो.

सगळ्या दारांची एकच किल्ली झाल्यावर ती हरवल्यास काय, हा रास्त प्रश्न आहे. त्यासाठी सर्वाधिकार असलेली दोन आणीबाणीची खाती ठेवावीत, जी रोज कोणीही वापरत नाही आणि जी बाहेरच्या कोणत्याही जोडणीवर अवलंबून नाहीत. त्यांचे लांब पासवर्ड आणि लॉगिनसाठी लागणाऱ्या यूएसबी सुरक्षा किल्ल्या सीलबंद पाकिटांत दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात आणि त्या खात्यांतून लॉगिन झाले की मालकांना तत्काळ सूचना जाईल अशी व्यवस्था करावी.

पाचवी पायरी : वाय-फाय आणि तारांचे जाळे

संपूर्ण कारखान्याला वाय-फायचा एकच पासवर्ड असतो आणि तो बहुतेकदा कंपनीचे नाव आणि पुढे १२३ असा असतो. नोकरी सोडून दोन वर्षे झालेला मुलगा फाटकासमोरच्या टपरीवर चहा पीत उभा असताना त्याचा मोबाइल आपोआप जाळ्याला जोडला गेल्याचे मी स्वतः राउटरच्या यादीत पाहिले आहे. त्याने काही केले नाही, त्याला ते ठाऊकही नव्हते.

यावर ८०२.१एक्स हा उपाय आहे. यात प्रत्येक माणूस वाय-फायलाही स्वतःच्या ओळखीने जोडला जातो. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारे यंत्र, ती विचारणा पडताळणी हाताळणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे नेतो आणि रेडियस निर्देशिकेला विचारतो. विंडोज सर्व्हरमध्ये यासाठी एनपीएस ही सोय आहे, लिनक्सवर फ्रीरेडियस आहे. कार्यालयातील लॅपटॉपना शक्यतो प्रमाणपत्रावर आधारित पद्धत द्यावी. पासवर्डावर चालवायचे झाल्यास मोबाइलवर सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याचा पर्याय चालूच ठेवावा, कारण तो बंद केल्यास त्याच नावाचे खोटे वाय-फाय लावून कोणीही पासवर्ड काढून घेऊ शकतो.

सीएनसी यंत्रे, बारकोडचे प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र यांना बहुधा हे जमत नाही. त्यांना स्वतंत्र व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या वेगळ्या केलेल्या भागात, ठेवावे आणि तिथून फक्त गरजेच्या एक-दोन सर्व्हरांकडे वाट द्यावी. यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नोंदवून घेणे उपयोगी आहे, मात्र तो नक्कल करता येतो, म्हणून त्याला ओळखीचा पुरावा समजू नये. पाहुण्यांचे वाय-फाय पूर्णपणे वेगळे असावे.

शिक्षणसंस्थांसाठी याच तंत्राचे मोठे रूप तयार आहे. एज्युरोममध्ये एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत जाऊन आपल्याच ओळखीने वाय-फाय वापरतो. पासवर्ड तपासण्याचे काम त्याच्या मूळ संस्थेचाच सर्व्हर करतो आणि यजमान संस्थेला फक्त होकार किंवा नकार मिळतो. भारतात हे अर्नेट इंडिया ही शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारी संस्था चालवते. इ-नियतकालिकांसाठी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची इन्फेड ही अशीच संघव्यवस्था आहे. नाशिकमधील महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी आणि संगणक विभागाने यासाठी एकत्र बसावे, कारण दोन्हींना पाया म्हणून तीच एक स्वच्छ निर्देशिका लागते.

सहावी पायरी : दुसरा पुरावा

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७पासूनच सांगितले आहे की, ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नये. तो लांब असावा, चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या यादीत नसावा आणि फुटल्याची शंका आल्यावरच बदलावा. दर महिन्याला बदलायला लावले की माणसे शेवटचा आकडा वाढवतात आणि कागद मॉनिटरला चिकटवतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत लिहायला सांगावेत, घरातल्या वस्तू, शेतातली अवजारे, काहीही; ते लक्षात राहतात. म्हण किंवा अभंगाची ओळ मात्र घेऊ नये, कारण ती दुसऱ्यालाही पाठ असते.

तरीही नुसता पासवर्ड पुरत नाही. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिम बदलून घेऊन तो पळवता येतो. शिवाय बंद झालेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. मोबाइलमधील ऑथेंटिकेटर ॲप दर ३० सेकंदांनी सहा आकडी अंक दाखवते आणि त्याला नेटवर्क लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये जिथे रेंज मिळत नाही तिथे हेच कामी येते. सर्वांत भक्कम पर्याय म्हणजे पासकी (मोबाइल किंवा संगणकात साठवलेली, पासवर्डाऐवजी चालणारी किल्ली) किंवा यूएसबी सुरक्षा किल्ली, कारण ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर चालतच नाही. सर्वाधिकार असलेल्या खात्यांना, बँकेचे काम पाहणाऱ्यांना आणि मालकांना आधी ती द्यावी. मालक सवलत मागतात, असा माझा अनुभव आहे. ती देऊ नये, कारण ‘साहेबांचा मेल आला, पैसे पाठवा’ ही फसवणूक त्यांच्याच खात्यावरून होते.

सातवी पायरी : जी दारे तुमच्या किल्लीने उघडत नाहीत

सरकारी पोर्टल आणि बँका तुमच्या निर्देशिकेला जोडल्या जात नाहीत. खणातला मोबाइल जन्माला येतो तो इथे, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पहिला नियम असा की, सेवा उपवापरकर्ता तयार करू देत असेल, तर एकच खाते वाटून वापरायचे नाही. ई-वे बिल पोर्टलवर मुख्य खातेदार उपवापरकर्ते तयार करू शकतो आणि प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक वेगळा असतो. तिथे दोन टप्प्यांची पडताळणी आता सर्वांना बंधनकारक आहे : वार्षिक उलाढाल २० कोटींहून अधिक असणाऱ्यांना १ जानेवारी २०२५पासून, ५ कोटींहून अधिक असणाऱ्यांना १ फेब्रुवारीपासून आणि उरलेल्या सर्वांना १ एप्रिल २०२५पासून. ओटीपी एसएमएसशिवाय एनआयसी-जीएसटी-शील्ड या ॲपवरही मिळतो. डिस्पॅचच्या दोन्ही पाळ्यांतील प्रमुखांना स्वतःचे उपखाते दिले, की ट्रक अडण्याचे कारण उरत नाही आणि कोणते बिल कोणी काढले हेही दिसते. बँकेत नोंद करणारा आणि मंजुरी देणारा अशी दोन माणसे ठेवण्याची सोय असते; ती घ्यावी.

डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सहीची किल्ली साठवलेले यूएसबी उपकरण, ही स्वतंत्र बाब आहे. अनेक ठिकाणी संचालकांचे टोकन आणि त्याचा पिन कर सल्लागारांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडून असतो. ती त्या माणसाची कायदेशीर सही आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४२नुसार तिची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी त्यानेच घ्यायची असते. टोकन परत आणावे, पिन बदलावा आणि सही करायच्या दिवशी माणसाने स्वतः बसावे.

जिथे उपखाते मिळतच नाही, तिथे बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारख्या पासवर्ड व्यवस्थापकात सामायिक तिजोरी करावी. सिम संस्थेच्या नावावर घ्यावे. पोर्टलवर ईमेल देताना व्यक्तीचा पत्ता न देता ‘हिशेब’, ‘पाठवणी’ असा पदाचा पत्ता द्यावा आणि त्यामागे दोन माणसांच्या डाकपेट्या जोडाव्यात. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या द्राक्षांच्या पोर्टलवर काम करणाऱ्या पॅकहाउसांना तर हे फार महत्त्वाचे आहे, कारण हंगामात एक दिवसाचा खोळंबाही द्राक्षाला परवडत नाही.

आठवी पायरी : आला, बदलला, गेला

नव्या माणसाला खाते देताना ‘अमुकसारखेच अधिकार द्या’ असे सांगितले जाते. तसे करू नये. भांडार, खरेदी, हिशेब, उत्पादन असे गट करावेत, अधिकार गटाला द्यावेत आणि माणसाला गटात घालावे. हंगामी माणसांच्या खात्याला पहिल्याच दिवशी शेवटची तारीख टाकावी. पॅकहाउसमध्ये जानेवारीत आलेल्यांची खाती एप्रिलअखेर आपोआप बंद व्हायला हवीत.

सर्वांत दुर्लक्षित घटना बदलीची. भांडारातला माणूस खरेदीत जातो, दोन वर्षांनी हिशेबात येतो आणि आधीचे अधिकार कोणीच काढत नाही. मग तोच माल मागवू शकतो, तोच आवक दाखवू शकतो आणि तोच बिल मंजूर करू शकतो. माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी अशा जागी त्याला ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे, कारण काही गडबड झाल्यास पहिला संशय त्याच्यावर येतो. म्हणून बदलीच्या आदेशातच जुना गट काढण्याची ओळ छापावी.

जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत क्रम पाळावा. मनुष्यबळ विभागाने शेवटच्या दिवसाची तारीख आधी कळवावी. त्या वेळी निर्देशिकेतील खाते बंद करावे, पुसू नये. चालू सत्रे रद्द करावीत. व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून संस्थेच्या जाळ्यात येण्याचे, प्रमाणपत्र रद्द करावे. त्याला ठाऊक असलेले सामायिक पासवर्ड बदलावेत. मग मोजदादीच्या तक्त्यात त्याचे नाव शोधून न जोडलेली खाती एकेक करून बंद करावीत. फाइलींची मालकी त्याच्या वरिष्ठाकडे द्यावी आणि आलेल्या मेलला नवा पत्ता कळवणारे उत्तर ठेवावे. घाईने पुसलेले खाते गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांत आणि एन्ट्रामध्ये ३० दिवसांत परत आणता येते, त्यानंतर नाही. व्हॉट्सॲपच्या गटांतून काढणेही याच यादीत लिहावे, कारण आपल्याकडे निम्मे आराखडे तिथूनच फिरतात.

नोंदी आणि कायदा

सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. एकच खाते पाच जण वापरत असतील, तर या नोंदींना काही अर्थ राहत नाही.

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये आला. गोळा केलेल्या माहितीविषयीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणून आपल्या कामगारांसाठी ती सूचना मराठीत तयार ठेवावी. आधारच्या पूर्ण प्रती सामायिक ड्राइव्हवर ठेवलेल्या असतील तर त्या काढाव्यात. जिथे चालते तिथे शेवटचे चार आकडे दाखवणारा मास्क्ड आधार घ्यावा.

दर तिमाहीला अर्धा दिवस राखून विभागप्रमुखांसमोर त्यांच्या माणसांची आणि अधिकारांची यादी ठेवावी आणि प्रत्येक ओळीवर होय किंवा नाही लिहून सही घ्यावी. नुसती ‘पाहिले’ अशी सही स्वीकारू नये.

अंबडच्या त्या कारखान्यात हे काम पावसाळ्यात सुरू झाले आणि होळीच्या आसपास आटोक्यात आले. खणातला मोबाइल आता बंद करून ठेवला आहे. एक सामायिक खाते मात्र अजून उरले आहे : पत्रा कापण्याच्या जुन्या यंत्राचे सॉफ्टवेअर एकाच नावाने उघडते आणि ते बनवणारी कंपनी आता त्याला आधार देत नाही. तो संगणक स्वतंत्र व्हीलॅनमध्ये टाकला आहे, त्याला इंटरनेट नाही, आणि शेजारी सुतळीने बांधलेल्या वहीत प्रत्येक पाळीचा ऑपरेटर वेळ, जॉब क्रमांक आणि आपला कर्मचारी क्रमांक लिहून सही करतो.